काँडोरसाठी ठाणे-सह्याद्री लँडस्केप: नकाशा कुठल्या सालचा धरायचा?

उनाड_घार (ठाणे प.)

मंडळी, नमस्कार.

काँडोर उडवणारे इथे चार-पाच जण तरी आहेत, म्हणून हा धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काँडोर हा फक्त ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा सिम्युलेटर. विंचने (जमिनीवरून दोर ओढणाऱ्या यंत्राने) नाहीतर टो-विमानामागे दोर लावून वर जायचं, दोर सोडायचा आणि मग वर चढणारी हवा शोधत राहायचं. पहिली आवृत्ती २००५ची, दुसरी २०१८ची. बनवणारे स्लोव्हेनियाचे, त्यामुळे सोबत मिळणारा मुलूखही स्लोव्हेनियाचाच. बाकी आल्प्स म्हणा, अँडीज म्हणा, न्यूझीलंड म्हणा, सगळं वापरणाऱ्यांनीच घरी बसून बनवलंय आणि फुकट वाटलंय. आल्प्सच्या दऱ्या आता मला घोडबंदर रोडपेक्षा जास्त पाठ आहेत. म्हटलं, आपला सह्याद्री का नको?

काम सुरू आहे. काँडोरमध्ये मुलूख टाइल्समध्ये कापतात. एक टाइल २३.०४ किमी बाय २३.०४ किमी, तिचे सोळा पॅच, प्रत्येक पॅच ५.७६ किमीचा. मी आडव्या आठ आणि उभ्या दहा टाइल्स धरल्यात. पश्चिमेला मुंबईबाहेरचा समुद्र, पूर्वेला पुण्याच्या पलीकडे, उत्तरेला नाशिकच्या वर. उंचीची जाळी दर ३० मीटरला एक बिंदू, त्यावर वरून फोटो चिकटवायचे.

अडचण इथूनच सुरू होते. उंची घेतली एसआरटीएमची, म्हणजे फेब्रुवारी २०००मध्ये एन्डेव्हर शटलने रडारने मोजलेली जमीन. फोटो सेंटिनेल-२ या युरोपियन उपग्रहाचे, ते ताजे. दोन्ही एकमेकांवर बसवले आणि उलव्यावर गेलो, तर नवी मुंबई विमानतळाच्या आवारातून चक्क एक टेकडी वर आलेली आणि काँक्रीटचा राखाडी रंग तिच्या उतारावर पसरलेला! ती टेकडी आता नाही. नव्वदेक मीटरची उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली, नदी वळवली, मग विमानतळ झाला. शटलला हे कुठून ठाऊक असणार.

प्रश्न असा की सगळंच २०००चं धरायचं, म्हणजे टेकडी ठेवायची आणि धावपट्टी फोटोतून पुसायची? की सगळं आजचं धरायचं आणि टेकडी हाताने सपाट करायची? माझा कल आजच्याकडे आहे. पण असं एक ठिकाण नाही, पन्नास आहेत. मतं सांगा.

नवखा_उडाणटप्पू (डोंबिवली)

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न, रागवू नका. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये अख्खी पृथ्वी आयती मिळते. नोव्हेंबर २०२२पासून त्यात ग्लायडरही आहेत ना? मग ही हमाली कशाला?

उनाड_घार

रागवतोय कशाला. आहेत, डीजी-१००१ आणि एलएस८ आहेत. पण तिथला मुलूख इंटरनेटवरून उडता उडता उतरतो, आणि आमच्या बिल्डिंगमधलं इंटरनेट पहिल्या पावसातच मान टाकतं. दुसरं म्हणजे काँडोरमध्ये शर्यत लावता येते. दहा जण एकाच आकाशात, तेच वारे, तेच थर्मल (तापून वर चढणाऱ्या हवेचे झोत). त्यासाठी सगळ्यांच्या मशिनवर एकाच आवृत्तीचं लँडस्केप लागतं. आणि खरं सांगायचं तर हमालीच आवडते.

रात्रपाळी (महापे)

नकाशांवर पोट भरणारा माणूस आहे, त्यामुळे दोन पैसे माझेही.

उलव्यासाठी "नवा डेटा घ्या" असं कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच सांगतो: उपयोग नाही. फुकट मिळणाऱ्यात सगळ्यात बरा कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह-योजनेचा ३० मीटरचा उंचीचा डेटा. तो ज्या उपग्रहांच्या मोजणीतून आलाय ती २०११ ते २०१५मधली. टेकडी फोडायला सुरुवात झाली त्यानंतर. म्हणजे दोन्हीकडे टेकडी शाबूत. हातानेच उतरवावी लागेल. आवाराभोवती पॉलिगॉन (बंद आकृती) काढा, आतल्या बिंदूंना एक उंची द्या, आणि कडेला दोन-तीन खाने उतरते ठेवा, नाहीतर भिंत उभी राहते.

आता मजा बघा. कोपर्निकसचा डेटा जमिनीची उंची देत नाही, रडारला जे पहिलं लागलं त्याची देतो. झाड लागलं तर झाडाची, इमारत लागली तर गच्चीची. तो लावून घोडबंदर रोड बघा. रस्त्याच्या दुतर्फा टेंगळं. पंचवीस-तीस मजल्यांचे टॉवर ३० मीटरच्या जाळीत गोल गुळगुळीत टेकड्या होऊन बसतात. तुमचा ग्लायडर पश्चिमेच्या वाऱ्यात त्या टेकड्यांवर रिज लिफ्ट (उतारावर आपटून वर चढणारा वारा) घेत कासारवडवलीपर्यंत जाईल! एसआरटीएमही रडारचंच, पण २०००मध्ये तिथे मोजायला टॉवरच फारसे नव्हते.

माझा सल्ला: शहरं आणि खाडीकाठासाठी जुना, सह्याद्रीसाठी नवा. एसआरटीएममध्ये खोल दऱ्या आणि सरळ कड्यांच्या पायथ्याशी रडारला दिसलंच नाही अशी भोकं होती, ती नंतर इकडून-तिकडून बुजवली आहेत. कोपर्निकस तिथे कितीतरी स्वच्छ आहे. जोड बदलापूरच्या आसपास सपाटीवर द्या, कळणारही नाही.

थोडक्यात, एका सालाचा आग्रह सोडा. तसा डेटा अस्तित्वातच नाही.

कडेकपारी (कल्याण)

रात्रपाळी, तो घोडबंदरचा टेकड्यांचा प्रकार वाचून ऑफिसात हसलो.

उनाड घार, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचं काय केलंत? तो नुसता सरळ नाही. अर्ध्या वाटीसारखा आहे आणि मधला भाग आत गेलेला. काठावर पोटावर झोपून खाली बघितलं की कड्याचा मधला भाग दिसतच नाही, थेट खालचं रान दिसतं. तो आला नाही तर हा सह्याद्री माझ्या कामाचा नाही, आधीच सांगून ठेवतो.

उनाड_घार

आत गेलेला कडा येणार नाही. जाळीतल्या एका बिंदूला एकच उंची असते. त्याच जागी वर दगड, मध्ये हवा आणि खाली पुन्हा दगड हे तिला सांगताच येत नाही. त्यामुळे कोकणकडा फार तर उभा येतो, आणि उभाही नाही, तीन-चार खान्यांत पसरून भयंकर तीव्र उतार म्हणून येतो.

उडणाऱ्याच्या दृष्टीने यात फारसं बिघडत नाही. वारा उतारावर आपटून वर चढतो तो हिशेब एवढ्या आकारावर नीट होतो. बिघडतं ते डोळ्यांचं. फोटो वरून काढलेला. कड्याचा उभा दगड त्यात दोन-तीन पिक्सेलांत संपतो, आणि तेच पिक्सेल खालपर्यंत ताणले जातात. जवळून गेलं की कड्यावर वरून खाली रंगाचे ओघळ आल्यासारखे दिसतात. कोकणकडा, नाणेघाटाचा अंगठा, जीवधनची बाजू, सगळीकडे हेच. यावर उपाय एकच: कड्याच्या भागातले पिक्सेल हाताने रंगवायचे. काळ्या पाषाणाचे आडवे थर, मध्ये गवताची पट्टी, परत थर. वेळखाऊ आहे, पण मला त्यातच गोडी आहे.

सुळके मात्र जाळीत येतच नाहीत. माहुलीचा वजीर, नवरा-नवरी, तैलबैलाच्या भिंती: ३० मीटरच्या खान्यात कुठे तो सुळका मावायचा! एक तर गायब होतो, नाहीतर डोंगराला आलेला फोड दिसतो. ते वेगळे त्रिमिती मॉडेल करून ठेवावे लागतील, देवळं-टॉवर ठेवतात तसे. तुमच्याकडे वजीरचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो असतील तर पाठवाल का?

कडेकपारी

पोत्याने आहेत. शनिवारपर्यंत देतो.

भूगोलवाल्या_बाई (नौपाडा)

मुलांनो, छान चाललं आहे. मी सिम्युलेटर उडवत नाही, नातू उडवतो आणि मी मागे बसून बोलते. पण वर साल ठरवताय, महिना कोण ठरवणार?

फोटो ऑक्टोबरचे घेतलेत तर सगळा सह्याद्री हिरवागार दिसेल, आकाशही स्वच्छ असतं. पण इंजिनाशिवाय उडायचा आपल्याकडचा खरा हंगाम मार्च ते मे. तेव्हा डोंगर तपकिरी, पानगळ झालेली, भातखाचरं करपलेली, कुठे राब भाजल्याचे काळे चौकोन. हिरव्या जमिनीवर मेमधली ऊर्ध्व हवा दाखवणं म्हणजे खोटंच की. ओल्या, झाडीच्या जमिनीवर उन्हाचा बराच वाटा पाण्याची वाफ करण्यात जातो. कोरडी उघडी जमीन तापते आणि वरची हवा तापवते.

दुसरं, ही युरोपातली मंडळी "दक्षिणेकडचा उतार धरा" असं सांगतात. नातवाने तेच पाठ केलं आहे. त्यांच्याकडे बरोबर आहे, सूर्य कायम दक्षिणेला कललेला. ठाणं १९.२ अंश उत्तरेला. मेच्या मध्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दुपारी दक्षिण उतार आणि उत्तर उतार यांत काडीचा फरक नाही. फरक पडतो तो सकाळी पूर्वेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या उताराला. आणि सह्याद्रीचा कडा पश्चिमेलाच तोंड करून उभा आहे, हे तुमचं नशीब.

तिसरं, खारा वारा विसरू नका.

खाडीपलीकडचा (ऐरोली)

बाई, दंडवत. खाऱ्या वाऱ्याबद्दल सविस्तर लिहा ना. आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमारास खिडकीचे पडदे आत यायला लागतात आणि घारी दिसेनाशा होतात. त्याचाच प्रताप का?

भूगोलवाल्या_बाई

त्याचाच. जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, समुद्रावरची थंड हवा आत सरकते. ती जाडीला फार नसते, पण जिथे पोचते तिथली जमिनीलगतची गरम हवा उचलली जाते आणि थर्मल मरतात. ठाणं, ऐरोली, वाशी हे पट्टे आधी थंडावतात, मग डोंबिवली-कल्याण, आणि दुपार कलल्यावर वारा घाटाच्या पायथ्याकडे पोचतो. मात्र त्या वाऱ्याच्या पुढच्या काठावर, जिथे थंड हवा गरम हवेच्या खाली घुसते, तिथे चढणारी हवा मिळते. घारी मेलेल्या नाहीत, पूर्वेला सरकल्या आहेत.

उनाड_घार

बाई, हे सोनं आहे. सरकणारा वारा लँडस्केपमध्ये घालता येत नाही, हवामान ठरवतो तो टास्क (शर्यतीचा मार्ग) लावणारा. पण लँडस्केपसोबत थर्मल मॅप द्यायचा असतो: कुठली जमीन किती तापते त्याचा करड्या छटांचा नकाशा. बरेच जण तो सॅटेलाइट फोटोवरून यंत्राने काढतात. मी खाडी, खारफुटी आणि किनाऱ्याचा पट्टा मुद्दाम थंड ठेवणार आणि बदलापूरपासून पुढे गरम करत नेणार. दुपारी दोनची ठाण्याची हवा, असं धरू.

ऐरोलीकर, घारींचं बोललात म्हणून विचारतो: तुमच्या बाजूला नेमक्या कुठे फिरतात? यंत्राला जे कळत नाही ते इथल्या लोकांना माहीत असतं.

खाडीपलीकडचा

सकाळी साडेनऊ-दहाला गच्चीवरून रोज बघतो. पहिल्या घारी महापे एमआयडीसीच्या पत्र्यांवर. पत्रा लवकर तापतो, पलीकडे लगेच झाडी, तिथून सुटतं. मग तुर्भ्याच्या बाजूच्या खाणी, तो उघडा दगड. अकराच्या पुढे पारसिकचा डोंगर, मुंब्रा बायपासच्या वरची बाजू. पाम बीच रोडवर रस्ता एवढा रुंद असून एकही घार थांबलेली बघितली नाही, बहुतेक दोन्हीकडे पाणथळ म्हणून. खारघरच्या डोंगरावर दुपारीही असतात, पण ते माझ्या गच्चीवरून लांब पडतं.

रात्रपाळी

महापेच्या पत्र्यांना अनुमोदन. आमच्या ऑफिसच्या पाचव्या मजल्यावरून घार डोळ्यांच्या रेषेत येते, पंख न हलवता दोन गिरक्यांत वर निघून जाते. खाली उभा राहिलेला माणूस मेमध्ये भाजून निघतो.

चेंदणीकर (ठाणे पू.)

मला विमानातलं काही कळत नाही, पण खाडीचं बोलताय म्हणून आलो. फोटोत खाडी भरतीची घेतली की ओहोटीची? चेंदणीपासून ऐरोलीपर्यंत ओहोटीला अर्धी खाडी चिखल असते.

उनाड_घार

चेंदणीकर, नेमक्या जखमेवर बोट ठेवलंत. काँडोरमध्ये पाणी कुठे आहे ते टेक्स्चरच्या (जमिनीवर चिकटवलेल्या फोटोच्या) अल्फा चॅनलमध्ये, म्हणजे रंगांव्यतिरिक्तच्या जादा थरात, रंगवायचं असतं. तिथे सूर्य चकाकतो, बाकी जमीन. आता माझ्याकडे खाडीचे फोटो दोन वेगळ्या दिवसांचे. ऐरोली पुलाच्या उत्तरेला चिखल, दक्षिणेला पाणी, मध्ये सुतासारखी सरळ रेघ. दोन्हींची भरती जुळणारे ढगविरहित दिवस शोधणं म्हणजे शेकडो फोटो उघडून बघणं.

चेंदणीकर

उघडून कशाला बघता? फोटो किती वाजताचा असतो ते सांगा.

रात्रपाळी

सेंटिनेल-२ नेहमी एकाच सौर वेळेला जातो, साडेदहाच्या आसपास. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून साडेनऊ अंश पश्चिमेला, म्हणजे घड्याळात अडतीस मिनिटं वाढवा. अकरा-सव्वाअकरा धरा. एका ठिकाणी दर पाच दिवसांनी येतो.

चेंदणीकर

मग झालं काम. तिथीला पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सकाळी सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराला सुकती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. तुमचा उपग्रह अकरा-सव्वाअकराला येतो ना? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे फोटो घ्या, खाडी काठोकाठ. सप्तमी-अष्टमीचे घ्याल तर चिखल. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतं, आत मुंब्र्याकडे पाणी चढायला अजून वेळ लागतो. बाबा याच हिशेबावर जाळं टाकायचे.

रात्रपाळी

हे वाचून पाच मिनिटं खुर्चीत नुसता बसलो होतो. क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) बंद, कालनिर्णय चालू.

भूगोलवाल्या_बाई

चेंदणीकर, शाळेत होते तेव्हा तुम्हाला वर्गात बोलवायला हवं होतं.

उनाड_घार

पौर्णिमेची खाडी पक्की. शिवाय पुलांचं एक काम सोपं होतं. पूल फोटोत पाण्यावर रंगवलेला असतो. अल्फामधून पुलाचे पिक्सेल वगळले नाहीत तर डांबर लाटांसारखं चमकतं. ऐरोली, वाशी आणि २१.८ किमीचा अटल सेतू, तिन्हींच्या कडा काठोकाठ पाण्यात स्पष्ट दिसतात, चिखलात गुंता होतो.

हडपसरचा_विंच (मूळ ठाणेकर, सध्या पुणे)

उशिरा आलो. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला विंचवर बरेच लॉंच घेतलेत, त्या अनुभवावर बोलतो.

पहिलं, टेक-ऑफ कुठून? हडपसर तुमच्या हद्दीत येतंय, उत्तम. पण ठाण्याकडून उडायला एखादं मैदान हवं. मुंबई विमानतळावरून ग्लायडर सोडणं हा विनोद आहे. माझं मत नेवाळीला. दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी, कल्याण-अंबरनाथच्या मध्ये, आणि समोर मलंगगड. तिथल्या जमिनीचा वाद शेतकऱ्यांच्या दृष्टीने फार जिव्हाळ्याचा आहे, त्यात पडत नाही. सिममध्ये गवताची पट्टी म्हणून ठेवा.

तिथून विंचने साधारण चारशे मीटर मिळाले की पश्चिमेच्या वाऱ्यात रांग सुरू होते: मलंगगड, तावली, चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंड, पेब, माथेरान. सलग पश्चिम कडा. माथेरानची उंची आठशेच्या आसपास, म्हणजे काठाच्या वर राहायचं तर हजारापर्यंत चढलेलं बरं. आणि तिथे खरा प्रश्न येतो. समोर कर्जतचं खोरं, पलीकडे भीमाशंकरचा मुख्य कडा, सरळ रेषेत पंचवीस-सत्तावीस किलोमीटर. चाळीसास एक घसरणारा ग्लायडर स्थिर हवेत एक हजार मीटरांत चाळीस किलोमीटर जातो, हे कागदावर. मी तीसास एक धरतो. सत्तावीस किलोमीटरला नऊशे मीटर गेले. म्हणजे कड्याच्या पायथ्याशी शंभर-दीडशे मीटरवर पोचणार, वर हजार मीटरची भिंत आणि खाली झाडी. पाठीवर वारा असेल आणि मध्ये कर्जत-नेरळवर एखादं थर्मल मिळालं, तरच जावं. मिळालं तर पुढे सिद्धगड, आहुपे, ढाकोबा, जीवधन, नाणेघाट. माळशेजला कडा आत वळतो, तिथे वारा तिरका लागतो, उंची राखून उडी मारायची. मग हरिश्चंद्रगड, आजोबा, घाटघर.

असा टास्क जगात कुठे नसेल. माझ्यासाठी हे लँडस्केप म्हणजे ती एक उडी.

कडेकपारी

पावसाळ्यातला नैऋत्य वारा लावला तर रांगेवर लिफ्टच लिफ्ट! दोन लँडस्केप करा ना, एक हिरवं, एक तपकिरी.

हडपसरचा_विंच

खऱ्या जुलैत तो कडा ढगात बुडालेला असतो, स्वतःचा पंख दिसत नाही. सिममध्ये ढगांचा पाया हवा तेवढा वर ठेवता येतो, म्हणून उडता येईल. पण तसा दिवस सह्याद्रीने कधी बघितलेला नाही. मला त्यात रस नाही.

कडेकपारी

तुम्हाला नसेल हो. पावसाळ्यात कोकणकडा वरून बघायला कोण नाही म्हणेल? खेळच आहे शेवटी.

हडपसरचा_विंच

बरं बाबा. पण शर्यत मेमध्येच.

आणखी एक. शेतात उतरण्याबद्दल. सिममध्ये कुठलंही सपाट शेत चालतं. खऱ्या भातखाचराला दर वीस-तीस पावलांवर बांध असतो, तो ३० मीटरच्या जाळीत येत नाही. कर्जतच्या खोऱ्यात आरामात उतरून "जमलं की" म्हणू नका. देशावर, जुन्नर-नारायणगावकडे शेतं मोठी आहेत, तिथलं उतरणं जास्त खरं वाटेल.

नवखा_उडाणटप्पू

सगळं ठीक, पण माझ्या लॅपटॉपवर हे चालेल का? आणि डाउनलोड किती?

उनाड_घार

हिशेब असा. ऐंशी टाइल्स, म्हणजे १,२८० पॅच. २०४८ पिक्सेलचा एक पॅच डीडीएसमध्ये (टेक्स्चरच्या फाइलचा प्रकार) पावणेतीन एमबीच्या आत, म्हणजे साडेतीन जीबीच्या आसपास. ४०९६चा केला की चौपट, तेरा-चौदा जीबी. पण सेंटिनेलचा एक पिक्सेल जमिनीवर १० मीटरचा. ५.७६ किमीत तो जेमतेम ५७६ पिक्सेल देतो. २०४८मध्येच ताणला जातो, ४०९६ करून फक्त फाइल फुगेल. त्यामुळे सगळीकडे २०४८, आणि रंगवलेल्या कड्यांचे पॅच तेवढे ४०९६. तुझ्या लॅपटॉपला झेपेल.

आणि कुणी विचारायच्या आत: हो, गूगल किंवा बिंगवरून फोटो खेचले तर गच्चीवरच्या टाक्यासुद्धा दिसतील. बरेच जण खेचतात. मी नाही खेचणार. लँडस्केप उघडपणे वाटता आलं पाहिजे, आणि सेंटिनेलसकट कोपर्निकसचं सगळं उघड परवान्याचं आहे. तीनशे मीटरच्या खाली जमीन धूसर दिसेल. ग्लायडर तिथे असेल तर तशीही काळजी करायला दुसरं पुष्कळ असतं.

रात्रपाळी

अनुमोदन. फक्त नेवाळीभोवतीचे चार पॅच हाताने साफ करा, उतरताना तिथेच नजर असते.

आणि धावपट्टीची दिशा टाकताना यूटीएमचं (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून केलेल्या मीटरच्या जाळीचं) भान ठेवा. आपण झोन ४३मध्ये, मध्यरेखा ७५ अंश. ७३वर जाळीची उत्तर आणि खरी उत्तर यांत सुमारे दोन-तृतीयांश अंशाचा फरक पडतो. छोट्या पट्टीला चालून जातं, नवी मुंबईच्या ३,७०० मीटरला टोकाशी चाळीसेक मीटर सरकते आणि फोटोतल्या पट्टीवर बसत नाही.

खाडीपलीकडचा

म्हणजे टेकडी उतरवायचीच ठरलं?

उनाड_घार

ठरलं. जमीन आजची, शहरांची उंची जुन्या डेटातली, सह्याद्री नव्या डेटातला, महिना मे, खाडी पौर्णिमेची. बाईंच्या भाषेत हे खोटंच आहे, पण उडताना खरं वाटेल. हिरवी आवृत्ती कडेकपारी यांनी स्वतः रंगवायची तयारी असेल तर वेगळ्या नावाने करू, शर्यतीत ती नाही.

भूगोलवाल्या_बाई

माझ्या भाषेत खोटं नाही, संकलित. मेचे आणि पौर्णिमेचे असे दोन्ही घ्याल तर वैशाखी पौर्णिमेच्या आसपासचे बघा, एकाच फोटोत दोन्ही साधेल. ढग नसले म्हणजे मिळवलं. आणि ठिकाणांची नावं टाकाल तेव्हा मला आधी दाखवा. नातवाच्या त्या नकाशांत इर्शाळचं काय केलं होतं ते इथे लिहवत नाही.

कडेकपारी

हिरवी मी करतो. कसं करायचं ते सांगा फक्त.

उनाड_घार

आधी वजीरचे फोटो पाठवा.

ज्यांना पॅच वाटून घ्यायचेत त्यांच्यासाठी: काँडोरमध्ये मोजणी उजव्या-खालच्या कोपऱ्यातून सुरू होते. ०००० हा पॅच वर डावीकडे समुद्रात नाही, खाली उजवीकडे दौंडच्या बाजूला आहे. तिथून पश्चिमेला आणि उत्तरेला आकडे वाढतात. खाडी उजवीकडून सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या उभ्या रांगेत येते, ते पॅच चेंदणीकरांनी नजरेखालून घालावेत. रात्रपाळी, उलव्याचा पॉलिगॉन तुम्ही काढताय असं मी गृहीत धरतो. ऐरोलीकर, घारींच्या जागा नकाशावर टिंबं करून द्या, खारघरच्याही, रविवारी तिकडे गेलात तर.

खाडीपलीकडचा

रविवारी जातोय. वेळेसकट देतो, दहाची वेगळी, दोनची वेगळी.

चेंदणीकर

पॅच पाठवा. पण मला फोनवर उघडता येतील असे पाठवा, माझ्याकडे कॉम्प्युटर नाही.